तांडा, गाडी, मुक्काम : कायम वाटेवर राहणाऱ्यांनी वाहन कसं निवडलं

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हा गाड्यांचा विषय कुठून आला? प्रश्न रास्त आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बरीच मंडळी राहतं घर भाड्याने देऊन किंवा विकून गाडीत राहायला निघालेली दिसतात. कोणी टेम्पो ट्रॅव्हलर आतून रिकामी करून घेतं, कोणी छोटा ट्रक घेतं, कोणी जीपच्या टपावर तंबू बांधतं. या सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : गाडी कुठली घ्यावी? मोठी की छोटी? आत उभं राहता यावं की नको? पाण्याची टाकी केवढी?

हा प्रश्न आजचा वाटतो, पण माणसं शेकडो वर्षं तो सोडवत आली आहेत. हौसेसाठी थोड्यांनी, पोटासाठी पुष्कळांनी. त्यांनी काय निवडलं आणि का निवडलं, हे आज बघू. शेवटी मला एका मुद्द्यावर यायचंय, तो आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे ऐकताना धागा सुटणार नाही. वाटेवर कायम राहणाऱ्या माणसाने वाहन निवडताना आधी मुक्काम निवडलेला असतो. रात्री कुठे थांबायचं, तिथे काय मिळेल आणि तिथे कोण थांबू देईल, यावर वाहन ठरतं. आणि असं जगणं जिथे जिथे मोडलं, तिथे वाहन कमी पडलं म्हणून मोडलं असं सहसा दिसत नाही. थांबायची जागा गेली म्हणून ते मोडलं.

सुरुवात आपल्या दख्खनपासून करू.

तांडा हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आज आपण लमाण वस्तीला तांडा म्हणतो. मुळात तांडा म्हणजे चालती वस्ती. बायका, मुलं, म्हातारीकोतारी, कुत्री आणि हजारो बैल. बंजारे किंवा लमाण हे धान्य, मीठ, कडधान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेत. कधी स्वतःचा माल विकत, कधी दुसऱ्याचा माल भाड्याने वाहत. त्यांचं वाहन होतं लादणीचा बैल. गाडी नाही, नुसता बैल. त्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणारी गोणी. आपण आज कुठल्याही पोत्याला गोणी म्हणतो, पण या शब्दाला बैलाच्या पाठीचा वास आहे.

पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी 1632 साली उत्तर हिंदुस्थानात फिरत असताना त्याला एक तांडा भेटला. त्याने बैलांचा आकडा लिहून ठेवलाय : 14,000. जरा हिशेब करू. एका बैलावर शंभर किलो जरी धरलं तरी 1,400 टन माल झाला. आजचे दहा टनी ट्रक लावले तर 140 ट्रक लागतील. आणि हे सगळं दिवसाला चालायचं किती? मंडी म्हणतो, जास्तीत जास्त सहा-सात मैल. म्हणजे दहा-अकरा किलोमीटर.

आता इथे थांबा आणि विचार करा. दिवसाला दहा किलोमीटर ही काय गती झाली? माणूस पायी दोन-अडीच तासांत तेवढं चालतो. मग इतकं हळू का? कारण बैल चरत चरत जायचा. हीच सगळ्या व्यवस्थेची किल्ली आहे. गाडीला जुंपलेला बैल दिवसभर जुवाखाली असतो. त्याला संध्याकाळी कडबा घालावा लागतो, पेंड घालावी लागते. ती विकत घ्यावी लागते, नाहीतर बरोबर न्यावी लागते, म्हणजे गाडीचा काही भाग तिच्याच बैलांच्या चाऱ्याने भरणार. लादणीचा बैल मात्र थोडं चालतो, गोणी उतरवली की पडीक रानात चरतो, पाणी पितो, रवंथ करत बसतो. त्याचं इंधन रस्त्याच्या कडेला फुकट उगवतं. म्हणून बंजाऱ्यांची वाहतूक संथ होती आणि स्वस्तही होती. धान्यासारखा जड आणि कमी किमतीचा माल शेकडो मैल न्यायचा तर स्वस्ताई महत्त्वाची, वेग नव्हे.

दुसरं कारण रस्ता. ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिरा सतराव्या शतकात अनेकदा हिंदुस्थानात आला. त्याचं प्रवासवर्णन 1676 साली छापलं गेलं. गोवळकोंड्याहून मच्छलीपट्टणकडच्या मुलखाबद्दल तो सांगतो की डोंगर, तलाव, नद्या आणि चिंचोळ्या वाटा यांमुळे तिथे गाड्या चालतच नाहीत. त्याने स्वतःची लहान गाडी हिऱ्यांच्या खाणींकडे नेली, तेव्हा अवघड जागी ती वारंवार सुटी करून पलीकडे न्यावी लागली. सह्याद्रीच्या घाटवाटा तुम्ही पाहिल्या असतील, त्या चढून-उतरून तुमचे गुडघे दुखले असतील. तिथे चाक काय करणार? बैल मात्र पाय ठेवायला जागा मिळाली की जातो.

तिसरं कारण दुरुस्ती. गाडीचा आख मोडला की गाडी संपली. सुतार शोधा, लाकूड शोधा, धाव बसवायला लोहार शोधा. तोवर गाडीतला सगळा माल आणि सगळं कुटुंब एका जागी अडकलं. तांड्यातला एक बैल लंगडला तर एका बैलाचा बोजा इतरांवर वाटून टाकायचा आणि पुढे निघायचं. हजार तुकड्यांचं वाहन आहे ते, एक तुकडा निकामी झाला तरी वाहन चालू राहतं. शिवाय या वाहनाला वासरं होतात! कुठल्या कारखान्याला हे जमलंय?

आणि चौथं कारण मुक्काम. चौदा हजार बैल एका रात्रीसाठी उतरवायचे म्हणजे गावाजवळ जमणारच नाही. पाणवठा पाहिजे, मोकळं रान पाहिजे, आणि त्या रानात चरू देणारा राजा, जमीनदार किंवा गाव पाहिजे. हे सगळे चरू द्यायचे, कारण त्यांना धान्य हवं असायचं. सैन्याला तर हवंच हवं. मोगल फौजांना बंजाऱ्यांनी धान्य पुरवलं. 1803 च्या युद्धात, असईची लढाई ज्यात झाली त्या मोहिमेत, आर्थर वेलस्ली इंग्रजांकडून शिंदे-भोसल्यांशी लढत होता. त्याचा पत्रव्यवहार बैलांच्या आणि बंजाऱ्यांच्या चिंतेने भरलेला आहे. तोफा किती आहेत याइतकीच त्याला बैल किती आहेत याची काळजी होती. तांडा आला नाही तर फौज उपाशी.

म्हणजे बघा, चार प्रश्न झाले. रस्ता कसा आहे? चारा कुठून येणार? मोडलं तर दुरुस्त कोण करणार? रात्री कुठे उतरणार? लादणीचा बैल हे या चारही प्रश्नांचं त्या काळातलं उत्तर होतं. तांड्याने गाडीऐवजी बैल निवडला तो हिशेबाने.

मग सगळ्याच भटक्यांनी बैल का नाही घेतला? कारण प्रत्येकाचा धंदा वेगळा, बोजा वेगळा.

राजस्थानातले गाडिया लोहार घ्या. गाडी त्यांच्या नावातच आहे. 1568 साली चितोड अकबराच्या हाती पडलं, तेव्हा गड परत मिळेपर्यंत घरात राहणार नाही अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असं ते सांगतात. परंपरेचा भाग बाजूला ठेवून गाडीकडे बघू. लोहाराला ऐरण लागते, भाता लागतो, हातोडे, सांडशी, लोखंडाचे तुकडे लागतात. ऐरणीचं वजन एका ठिकाणी एकवटलेलं असतं, ते बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना सारखं वाटता येत नाही. गोणीचा मालच नव्हे तो. दुसरं म्हणजे या लोकांना लांब जायचं नसतं. एका गावात फाळ, कोयते, पळ्या, चिमटे घडवायचे, काम संपलं की शेजारच्या गावात. गाव म्हटलं की गाडीवाट आलीच, कारण शेतकऱ्याची गाडी तिथे जातेच. म्हणून त्यांना जड, भक्कम गाडी परवडली. गावाच्या कडेला सोडली की ती घरही झाली आणि दुकानही. आपल्याकडचे घिसाडी हेच काम करत गावोगाव फिरले.

धनगराचं बघा. त्याचा धंदाच चार पायांवर पुढे चाललेला असतो. मेंढरांमागे रोज रान बदलायचं, बांधावरून जायचं, ओढ्यातून जायचं. तिथे गाडीचा उपयोग नाही. तो घोडी ठेवतो. तिच्या पाठीवर भांडी, कपडे, वाघूर, कोंबड्या, आणि त्याच सकाळी जन्मलेलं कोकरू. पुण्याजवळ, सातारा रस्त्याला, पावसाळा संपल्यावर हे दृश्य तुम्ही आजही पाहिलं असेल. वडार समाजात तर दगडाची वाहतूक करणाऱ्यांचं नावच गाडीवडार पडलं, आणि मातीकाम करणाऱ्यांनी गाढव पसंत केलं, कारण मातीची खेप छोटी, चढउताराची आणि वारंवार असते. एकाच मुलखात, एकाच काळात इतकी वेगवेगळी वाहनं, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचं कामाचं गणित.

आता जरा लांब जाऊ, इंग्लंडला. कारण आजच्या कॅम्पर व्हॅनचा वंश तिकडे सापडतो.

ब्रिटनमधल्या रोमा लोकांची ती रंगीत, नक्षीदार लाकडी घोडागाडी तुम्ही चित्रांत पाहिली असेल. व्हार्डो म्हणतात तिला. आपल्याला वाटतं ते शतकानुशतकं त्यातच राहत असतील. तसं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वाकवलेल्या काठ्यांच्या तंबूत राहत आणि सामान जनावरावर किंवा साध्या हलक्या गाडीवर नेत. राहण्याजोगी गाडी त्यांच्यात साधारण 1850 च्या सुमारास रुळली. तेव्हाच का? कारण तोवर रस्ते सुधारले होते. टोलचे रस्ते झाले होते, खडी दाबून पक्के केलेले रस्ते झाले होते. रस्ता आधी बदलला, घर नंतर चाकावर चढलं.

आणि मग त्यात प्रकार झाले. रेडिंग वॅगन म्हणून एक प्रकार होता. त्याची चाकं मोठी आणि पेटीच्या बाहेर असत, त्यामुळे ओढे, खाचखळगे पार करता येत. बर्टन वॅगन हा जत्रेत खेळ दाखवणाऱ्यांचा प्रकार. त्याची चाकं लहान आणि पेटीच्या खाली, म्हणजे आत जागा जास्त, पण वाट सपाट पाहिजे. जत्रेचं मैदान ते जत्रेचं मैदान असा चांगल्या रस्त्याने जाणारा माणूस बर्टन घेई, आडवाटेने जाणारा रेडिंग घेई. ज्याला वजन आणि खर्च कमी हवा तो कमानीवर कापड ताणलेली बो-टॉप घेई. आज दुकानात गाड्या बघताना चाकाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची यांवर जे वाद होतात, तेच हे.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. या गाड्यांच्या आत चूल असते आणि तिचं धुराडं छतातून वर निघतं. ते नेहमी एकाच बाजूला, गाडीच्या उजव्या अंगाला. का? इंग्लंडमध्ये गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते. डावीकडे झाडं, त्यांच्या खाली आलेल्या फांद्या. धुराडं डावीकडे असतं तर फांदीला अडकून मोडलं असतं. म्हणून ते रस्त्याच्या मधल्या बाजूला. हे कोणी कागदावर आराखडा काढून ठरवलेलं नाही. पुष्कळ धुराडी मोडल्यावर आलेलं शहाणपण आहे ते.

याच गाड्या बघून एका सुखवस्तू माणसाला हौस आली. डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स, आरमारातून निवृत्त झालेला, मुलांसाठी साहसकथा लिहिणारा लेखक. त्याने 1885 साली ब्रिस्टलच्या एका नामांकित वॅगन कारखान्याकडून स्वतःसाठी गाडी बांधून घेतली. नाव ठेवलं वाँडरर, म्हणजे भटक्या. महोगनीचं काम, पुस्तकांचं कपाट, गालिचा, सगळा थाट. वजन भरलं जवळजवळ दोन टन. ओढायला दोन घोडे लागले. त्या उन्हाळ्यात तो दक्षिण इंग्लंडमधून स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत सुमारे 1,300 मैल गेला. पुढच्या वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. हौसेने कॅरॅव्हॅनमध्ये राहण्याची इंग्रजांची परंपरा इथून सुरू झाली असं मानतात. 1907 साली तिथे कॅरॅव्हॅन क्लब निघाला.

आता गंमत बघा. स्टेबल्सच्या गाडीपुढे एक नोकर तीनचाकी सायकलवर जात असे. त्याचं काम काय? अरुंद वळणावर समोरून येणाऱ्याला सावध करणं, आणि संध्याकाळी घोड्यांना तबेला व गाडीला जागा मिळते का ते बघणं. म्हणजे मुक्काम शोधायला माणूस पगारावर ठेवला होता. रोमा माणसाला त्याची गरज नव्हती, कारण त्याच्या आजोबापासून कुठल्या गल्लीच्या कडेला गवत आहे, कुठला शेतकरी हाकलत नाही, कुठे हंगामात काम मिळतं, हे घरात ठाऊक होतं. स्टेबल्सने गाडीचं रूप उचललं. गाडीमागची माहिती मात्र त्याला उचलता आली नाही, ती पैसे देऊन घ्यावी लागली. पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. तो डॉक्टर होता, सभ्य गृहस्थ होता. त्याला कोणी पोलिसाने हटकून पुढे जा म्हटलं नाही. रोमांना रोज म्हटलं जात होतं. दोघांची गाडी तीच, रस्ता तोच, मुक्कामाचा हक्क मात्र वेगळा.

मोटारीच्या काळातही हेच दिसतं. फोक्सवॅगनची व्हॅन 1950 साली बाजारात आली आणि 1951 पासून वेस्टफालिया कंपनी तिच्यात झोपण्या-जेवण्याची सोय बसवून देऊ लागली. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली तरुण मंडळी अशा व्हॅनमधून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली करत गोव्याच्या अंजुण्याला येऊन थडकत. ही व्हॅन का? इंजिन हवेने थंड होणारं, म्हणजे वाळवंटात रेडिएटर उकळायची भीती नाही. यंत्र साधं, हत्यारांची एक पिशवी आणि थोडं धाडस असलं की रस्त्यावर दुरुस्ती होई. पुन्हा तेच प्रश्न, चारा आणि दुरुस्ती. ही वाट 1979 मध्ये बंद पडली. व्हॅन बिघडल्या म्हणून नाही. इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या. मुक्काम गेले, वाट गेली.

आता परत तांड्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

1830 साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला. 1853 साली मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि 1863 मध्ये रेल्वेने बोरघाट चढला. बैलाचं पहिलं उत्तर, रस्ता नाही म्हणून मी, ते गेलं. गाडी आणि रेल्वे स्वस्त झाली. मिठावर सरकारी मक्ता आणि जकात आली. माल गेला. इथपर्यंत आपण म्हणू की ठीक आहे, काळ बदलला, वाहन जुनं झालं. अनेक तांड्यांनी गाड्या केल्या असत्या, आणि काहींनी केल्याही. वाहन बदलणं हे भटक्याला कधीच अवघड गेलेलं नाही.

पण त्याच काळात दुसऱ्या तीन गोष्टी झाल्या. पडीक राने जंगल खात्याच्या ताब्यात गेली, राखीव झाली, चराईला दंड लागला. मोकळी जमीन मोजली गेली, नांगराखाली आली, तिला मालक आला. आणि 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला. ज्या जमाती सरकारला संशयास्पद वाटल्या त्यांची नोंद, हजेरी, परवानगीशिवाय हालचालीला बंदी. काही प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांनाही हा कायदा लागला. ज्याचं जगणंच चालण्यावर, त्याचं चालणंच गुन्ह्याचं लक्षण ठरलं. तांडा थांबला तो असा. चालती वस्ती गावाबाहेरची वस्ती झाली, शब्द मात्र तोच राहिला. कायदा रद्द होऊन 31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. पुढे या समाजातले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, 1963 ते 1975, सलग अकरा वर्षांहून अधिक. ही अभिमानाची गोष्ट आहेच. पण भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचा अहवाल 2008 मध्ये आला, बाळकृष्ण रेणके त्याचे अध्यक्ष होते, त्यात हजारो कुटुंबांच्या अडचणींचं मूळ पुन्हा तिथेच निघतं. कायमचा पत्ता नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून शिधापत्रिका नाही, जमीन नाही.

इंग्लंडमध्ये रोमांचं काय झालं? 1968 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर त्यांच्यासाठी गाडीतळ उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकली होती. 1994 मध्ये ती काढून घेतली. 2022 च्या कायद्याने परवानगीशिवाय गाडी लावून राहणं काही परिस्थितीत फौजदारी गुन्हा ठरवलं. तोवर त्यांचे घोडे जाऊन ट्रक आले होते, लाकडी गाड्या जाऊन ट्रेलर आले होते. वाहन त्यांनी पाच-सहा वेळा बदललं असेल. मुक्काम एकदाच गेला.

अमेरिकेत 2008 च्या आर्थिक पडझडीनंतर घर परवडेना म्हणून बरीच उतारवयाची माणसं व्हॅनमध्ये राहू लागली, हंगामी कामांमागे फिरू लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक 2017 मध्ये आलं, त्यावरचा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. या माणसांचं वाहन निवडण्याचं सूत्र काय, ठाऊक आहे? गाडी पांढरी, साधी, खिडक्या कमी. रात्री रस्त्याकडेला उभी राहिली तर कामावरच्या कोणा प्लंबरची वाटावी. आत माणूस झोपलाय हे कळू नये. वाहनाची निवड लपण्यापर्यंत आली.

आणि लांब कशाला जाता? आपल्याकडचा ऊसतोड कामगार दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघतो, चार-सहा महिने कारखान्याच्या फडावर राहतो. त्याच्यातला गाडीवान स्वतःचे बैल आणतो, आणि रबरी टायरची लोखंडी गाडी बहुधा कारखान्याकडून घेतो. ही गाडी कोणासाठी निवडलेली आहे? उसासाठी. ती भरून ऊस वाहते. माणसाचं घर त्यात बसत नाही, ते पाचटाच्या कोपीत. ज्याचं वाहन दुसरा निवडतो, त्याचा मुक्कामही दुसराच ठरवतो.

एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. "हे सगळं ठीक, पण आज आम्हाला गाडीत राहायचं असेल तर कुठली गाडी घ्यावी, ते सांगा."

सांगतो. कंपनीचं नाव नाही सांगणार, पण या सगळ्या लोकांकडून शिकण्यासारखा क्रम सांगतो. आधी पुढच्या तीस रात्रींची यादी करा. कुठे झोपणार, तिथे पाणी कुठून, कचरा आणि मैला कुठे टाकणार, तिथे थांबायला कोणाची हरकत नाही. ती यादी लिहिता आली नाही तर गाडी घेऊ नका, आधी लोकांशी ओळखी करा. मग रस्ता बघा. कोकणातल्या गावांत शिरायचं असेल तर लांब आणि उंच गाडी ही बर्टन वॅगन आहे, सपाट मैदानाची. मग वजन. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, म्हणजे एका लादणीच्या बैलाचा पूर्ण बोजा. गाडीत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला विचारा की तुझ्यासाठी मी एक बैल पोसू का? मग दुरुस्ती. ज्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गॅरेजात मिळतात ती गाडी, मग भले ती दिसायला साधी असो. आणि कायदा बघा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीच्या कागदावर जी गाडी आहे ती परवानगीशिवाय बदलता येत नाही. खुर्च्या काढून पलंग टाकण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

आणि एक शेवटचं. तुम्ही असे गाडीत राहायला निघालात आणि एखाद्या गावाबाहेर वडाखाली थांबलात, तर बहुतेक गाव तुम्हाला चहा विचारेल. कुठून आलात, गाडीत कसं राहता, फोटो काढू का, असं होईल. त्याच वडाखाली आदल्या आठवड्यात एखादं घिसाड्याचं कुटुंब उतरलं असेल, तर त्यांना काय विचारलं गेलं असेल, हेही मनात आणा. तुमच्याकडे आधार कार्डावर पत्ता आहे, परत जायला घर आहे, म्हणून तुमचं भटकणं हौस ठरतं. त्यांच्याकडे ते नाही, म्हणून तेच भटकणं संशय ठरतं. शक्य झालं तर त्या गावात सरपंचांना एवढंच विचारा, की पाहुण्यांसाठी ही जागा मोकळी असते का, सगळ्याच पाहुण्यांसाठी? उत्तर काय येतं ते ऐका. गाडी कुठली घ्यावी यापेक्षा त्या उत्तरावरून तुम्हाला रस्त्याबद्दल जास्त कळेल.